‘नाय’ म्हणणारी आजी

मला कागदाचा राग आहे. वर्तमानपत्राचा नव्हे, पत्राचाही नव्हे, रकाने आखलेल्या सरकारी कागदाचा. माझी सगळी नोकरी अंगणवाडीत गेली. आधी सेविका, मग मुख्यसेविका. मोखाड्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर पोरांची वजनं केली, त्यांच्या आयांना खडसावलं, त्यांच्याच ओट्यावर बसून त्यांच्या हातची आंबील प्याले. ते सगळं मनापासून केलं. पण संध्याकाळी घरी आलं की रजिस्टरं आ वासून बसलेली असायची. किती पोरं, किती पाकिटं, किती सभा. त्या रजिस्टरांनी माझ्या चष्म्याचा नंबर तेवढा वाढवला. निवृत्त झाले त्या संध्याकाळी मी आमच्या ह्यांना सांगितलं, “आता पुन्हा कुठला रकाना भरला तर माझं नाव बदला.”

“बघू,” ते म्हणाले आणि मिशीत हसले. हा माणूस फार कमी बोलतो आणि जेवढं बोलतो तेवढ्याने माझा जीव खातो.

वर्षही झालं नसेल, मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने बोलावणं पाठवलं. ज्या मुलाचे आईबाप नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, त्याच्याबद्दल काही ठरवण्याआधी त्याला काय हवंय ते नीट पाहिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी एक प्रश्नावली केली होती, ‘गरजांची पाहणी’ नावाची. मूल काय खातं, कुठे झोपतं, शाळेत जातं का, दुखलंखुपलं तर कोण बघतं, कोणाला घाबरतं, कोणाजवळ जाऊन बसतं. उत्तरांवरून शेवटी रंग द्यायचा. हिरवा, पिवळा किंवा लाल. लाल म्हणजे मूल धोक्यात आहे. मग फाइल बालकल्याण समितीकडे जाते आणि मूल आहे तिथेच राहणार की बालगृहात जाणार ते समिती ठरवते. पाड्यांवर फिरून ही पाहणी करणाऱ्या मुलींच्या सोबत जायचं, त्या अडल्या की मदत करायची, चुकल्या की दुरुस्त करायचं, हे काम मला देऊ केलं होतं.

“पोराची दशा ओळखायला रंग कशाला लागतो हो?” मी तिथल्या तरुण साहेबांना तोंडावर विचारलं. “मी दारातून बघून सांगते.”

ते बिचारे चहा पुढे सरकवत म्हणाले, “ताई, तुम्ही सांगाल. पण समितीत बसणाऱ्यांनी तो पाडा पाहिलेला नसतो. तुम्ही बघितलेलं त्यांच्यापर्यंत पोचवायचं कसं?”

उत्तर बरं होतं. चहाही बरा होता. मी हो म्हणून आले. घरी आमच्या ह्यांनी फक्त एवढंच विचारलं, “मग काय नाव ठेवायचं तुझं?”

माझ्या वाट्याला आलेली कार्यकर्ती साखरशेत गावची सून. पदवी घेतलेली, सासरी भाताची आणि नाचणीची शेती, आवणी, म्हणजे भाताची लावणी, आली की ही पोरगी सुट्टी टाकून चिखलात उतरायची. तोंडाने माझ्यासारखीच फटकळ. त्यामुळे पहिल्या दिवशी आमचं भांडण झालं आणि दुसऱ्या दिवसापासून जमलं.

दिवाळी नुकतीच झाली होती. मोखाड्याचा बाजार होता. भट्ट्यांवर आणि बांधकामावर जाणारी माणसं बोचकी घेऊन जीपगाड्यांभोवती गर्दी करून होती. आम्ही दोघी चहाच्या टपरीवर बाकडं पकडून बसलो होतो. तिने पिशवीतून फाइल काढून माझ्यासमोर ठेवली.

“ताई, ही बघा. लाल. एवढी लाल मी अजून पाहिली नव्हती.”

पोशेऱ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरची चौथीतली मुलगी. आई तापाने गेलेली. बाप भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला, तिथेच त्याने दुसरं घर केलं, परत फिरकला नाही. पोर आईच्या आईजवळ राहते. शाळेतल्या गुरुजींनी कळवलं म्हणून ही पाहणीला गेली होती. आणि पुढे सगळी उत्तरं ‘नाही’. दोन वेळचं जेवण मिळतं का? नाही. अंथरूण-पांघरूण आहे का? नाही. नीट दिसतं का, नीट ऐकू येतं का? नाही, नाही. आजारी पडली तर दवाखान्यात नेणारं कोणी आहे का? नाही. मुलीला जवळ घेणारं, माया करणारं घरात कोणी आहे का? नाही.

“म्हणजे पोर आंधळीही आणि बहिरीही?” मी विचारलं.

“नाही हो ताई, चांगली टुकूटुकू बघत होती माझ्याकडे.”

“मग लिहिलंस कशाला?”

“आजी म्हणाली नाही. तुम्हीच सांगता ना, मनाचं काही लिहू नकोस म्हणून?”

तिचं खरं होतं. मी पान उलटलं. फाइलला मुलीचा फोटो लावलेला होता. दोन वेण्या, करकचून घातलेल्या, भांग सरळ, तेल चोपडलेलं, शेंड्यांना लाल रिबिनी. मी फोटो तिच्यापुढे धरला. “ज्या घरात माया करणारं कोणी नाही, त्या घरात ह्या वेण्या कोण घालतं गं? भूत येतं का घालायला?”

तिने फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. चेहरा पडला तिचा. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात होती आणि फाइलची एक प्रत तिकडे पोचलीही होती. असा कागद वाचून समितीने मुलीला बालगृहात पाठवलं नसतं तरच नवल. बालगृह वाईट असतं असं मी म्हणत नाही. तिथे जगलेली, शिकलेली पोरं मी पाहिली आहेत आणि ती जागा नसती तर त्यांचं काय झालं असतं ह्या विचाराने अंगावर काटा येतो. पण ज्याला घर आहे त्या पोराला घरातून उचलायचं, ही गोष्ट वेगळी. ते बालगृह खाली समुद्राकडच्या गावात होतं. तिथे आजी महिन्यातून एकदा तरी पोचली असती की नाही, मला शंकाच होती.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” मी म्हटलं. “उद्या सकाळच्या जीपने निघायचं.”

जीपमध्ये माणसं कोंबलेली. माझ्या मांडीवर कोणाचं तरी पोर, पायात कोणाची तरी कोंबडी. उतरल्यावर उतारावरची पायवाट. दोन्ही बाजूंना नाचणी कापून झालेली, खळ्यांवर झोडणी चालू. गुडघे कुरकुरत होते. मी तोंडाने त्या प्रश्नावलीला, ती बनवणाऱ्याला आणि चढउतार बनवणाऱ्या देवाला शिव्या घालत होते. साखरशेतची सून पुढे चालत हसत होती.

घर कारवीच्या काड्यांच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं, अंगण असं स्वच्छ की सांडलेली नाचणी वेचून घ्यावी. आजी ओट्यावर सूप घेऊन पाखडत बसली होती. आम्हाला बघताच तिने सुपातली नाचणी टोपलीत ओतली, सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि तोंड एकदम गरीब केलं. मी मुद्दाम सांगते, केलं. आधी ते तसं नव्हतं.

“आजी, कशी आहेस?”

“काय नाय बाय. काय बी नाय.”

“बरं. भात झाला का यंदा?”

“नाय.”

“नाचणी?”

“नाय.”

ही बाई नाचणीची टोपली शेजारी ठेवून मला नाचणी नाही सांगत होती. तिच्या मागे, उघड्या दारातून, शेणाने लिंपलेली कणगी गळ्यापर्यंत भरलेली दिसत होती. दोरीवर गोधडी वाळत होती. अंगणात कोंबडी पिलांना घेऊन फिरत होती. माझं डोकं फिरलं. “कोंबड्या पण नाहीत का? ह्या काय शेजारणीच्या फिरायला आल्यात?”

आजीने कोंबडीकडे जरा रागानेच पाहिलं, जणू तिने घात केला. मग हळूच विचारलं, “ताडपत्री कवा येल?”

“कसली ताडपत्री?”

मग उलगडत गेलं. मधे एका वर्षी वादळाने पाड्यावरची छपरं उडवली. तेव्हा कागद घेऊन माणसं आली. ज्यांनी सांगितलं थोडं धान्य वाचलंय, थोडं छप्पर शाबूत आहे, त्यांना काही मिळालं नाही. ज्यांनी सगळ्याला ‘नाय’ म्हटलं त्यांना ताडपत्री मिळाली. आजी खरं बोलून ओल्या घरात राहिली. त्यानंतर पाड्याने ठरवूनच टाकलं की कागदवाला आला की सगळ्याला ‘नाय’ म्हणायचं, मधेच एखाद्याला ‘हाय’ म्हटलं की सगळं गेलं. म्हणून आमची साखरशेतची सून प्रश्न वाचू लागली आणि आजी एकेकाला नाय, नाय म्हणत गेली. पोरीवर माया करणारं कोणी आहे का, ह्यालाही म्हणाली. तिला वाटलं, एवढ्यावरून ताडपत्री अडायला नको.

मला हसू फुटलं. खरंच सांगते, मी तिथे ओट्यावर बसून हसले. आणि हसता हसता एकदम थांबले, कारण आजीही माझ्याबरोबर हसू लागली होती आणि तिला काहीच माहीत नव्हतं.

“आजी, ऐक,” मी म्हटलं. “हा कागद ताडपत्रीचा नाही. हा तुझ्या नातीचा आहे. तू सांगितलंस घरात काही नाही, कोणी नाही. आता वरचे लोक म्हणतील, मग पोरीला इथे ठेवायचं कशाला? ते तिला खाली समुद्राकडच्या बालगृहात नेऊन ठेवतील.”

तिने हसणं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं, मग साखरशेतच्या सुनेकडे. “नेतील म्हंजे? कवा आनतील?”

साखरशेतच्या सुनेने मान खाली घातली. आजीने सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि रिकामंच पाखडू लागली. नाचणी बाजूच्या टोपलीत होती. तिला कळलंच नाही. मला इतकं भरून आलं की मी उठून अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिले. असं काही झालं की मला आधी राग येतो. त्या दिवशी कोणावर काढावा तेच समजेना. तिने चुकीचं काय केलं होतं? खरं बोलून ती आधीच एकदा भिजली होती.

साखरशेतची सून माझ्या मागे आली. “ताई, हा कागद फाडूया. मी नवीन भरते, सगळं ‘आहे’ लिहिते.”

“खबरदार,” मी म्हटलं. “खोटं ‘नाही’ जाऊन खोटं ‘आहे’ येईल. पुन्हा पाहणी करायची सोय आहे ना? कारण लिहून दुसरी कर. आणि ह्या वेळी प्रश्न वाचू नकोस.”

प्रश्नावलीच्या पहिल्या पानावरच लिहिलेलं होतं की प्रश्न वाचून दाखवू नयेत, मुलाकडून आणि घरच्यांकडून कालच्या दिवसाची गोष्ट ऐकावी आणि मग भरावं. प्रशिक्षणातही सांगितलं होतं. पण पाडे लांब, जीपची वेळ ठरलेली, मुली बिचाऱ्या भराभर वाचत सुटायच्या. आणि त्याच प्रश्नावलीचा अर्धा भाग ‘मुलाचे आधार’ ह्या नावाचा होता. गरजांची पाहणी म्हटल्यावर आधार कोण भरत बसणार? तो सगळ्यांचाच कोरा असायचा.

मुलगी दुपारी शाळेतून आली. पाणी प्यायली, दप्तर खुंटीला लावलं, आम्हाला बघून आजीच्या मागे दडली. सुनेने पेन पिशवीत टाकलं आणि जमिनीवर फतकल मारली. “मला सांग, काल उठलीस तेव्हापासून काय काय केलंस?”

हळूहळू पोर बोलू लागली. उठली, मामीबरोबर पाण्याला गेली. आजीने वेणी घातली, दुखली. नाचणीची भाकर खाल्ली उडदाच्या डाळीबरोबर. शाळा. शाळेत खिचडी. आल्यावर कोंबड्यांची पिलं मोजली, एक कमी होतं, ते मामाच्या घरात सापडलं. रात्री जेवण मामाकडे. मामाचं घर म्हणजे समोरचंच दार. संध्याकाळी आजी चूल पेटवत नाही, दोघी तिकडेच जेवतात. झोपायला आजीजवळ. आजी गोष्ट सांगते, पण आजीच आधी झोपते. आजी हे ऐकून लाजली.

सुनेच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदम. दिवस ऐकून झाला तसं तिने पेन काढलं आणि आधारांचा तो कायम कोरा राहणारा भाग भरायला घेतला. आजी, मामा, मामी, समोरचं दार. जागा कमी पडली, तिने समासात लिहिलं.

पण बोलताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सून उजव्या बाजूने काही विचारी तेव्हा पोर सगळं अंग वळवून तिच्याकडे बघायची. मी मागून, त्याच बाजूने, हळूच हाक मारली, तिने ओ दिली नाही. पुन्हा मारली, नाही. आजी म्हणाली, “तिचा तो कान वाहतो. म्हनून गुरुजी बोलतेत ढ. ढ नाय ती.”

“अगं मग हे सांगायचं नाही का आजी!”

“सांगलं की,” आजी जराशी चिडून म्हणाली. “त्या दिवशी ही बोलली, आयकू येतं का? मी सांगलं, नाय.”

खरंच सांगितलं होतं तिने. एवढ्या खोट्या ‘नाय’च्या गर्दीत एक खरं ‘नाय’ होतं आणि ते आम्ही दोघींनी चहाच्या टपरीवर हसण्यावारी नेलं होतं. त्या क्षणी मला त्या प्रश्नावलीबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. तिने विचारलं तरी होतं. आजवर आजीला पोरीच्या कानाबद्दल कोणीच विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोरीला जव्हारच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एवढ्या गर्दीत तिला मांडीजवळ उभं करून निगुतीने कान तपासला, साफ केला, औषध दिलं, पुन्हा कधी आणायचं ते आजीला समजेपर्यंत समजावलं. त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. देव त्यांचं भलं करो.

आता समितीपुढे जायचं होतं. आणि तिथेच गाडी अडली.

मामा बांधकामावर ठाण्याला जाणारा माणूस, कापणीपुरता आलेला. भाचीवर जीव. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हणाला, “मॅडम, आईचं नाव घरकुलाच्या यादीत लागलंय. किती वर्षांनी. आता साहेबांसमोर ती बोलली, सब कुछ है, तर नाव काटतील. पावसात हे घर गळतं. तुम्हीच बघा वर.”

“भाचीचं नाव काटलं तर चालेल का तुला?” मी भडकले.

“तसं नाय मॅडम.” त्याने मान खाली घातली. माणूस वाईट नव्हता. घर खरंच गळत होतं.

मी समजावलं की हा कागद निराळा, घरकुलाची यादी निराळी, ह्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो म्हणाला, “सगळे असंच सांगतात.” खरंच होतं. अशाच पाड्यांवर मीही वर्षानुवर्षं कागद घेऊन गेले होते आणि दर वेळी काही ना काही सांगितलंच होतं. आजी चुलीशी बसून सगळं ऐकत होती. मी विचारलं, “आजी, तिथे काय सांगशील?” ती लाकडं पुढे सारत राहिली. आम्ही निघालो तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं की ती काय ठरवणार.

समितीची बैठक जिल्ह्याच्या गावी, पालघरला. पहाटेची एसटी. पोर शाळेच्या गणवेशात, वेण्या त्याच, करकचून. आजीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. घाट उतरताना पोरीला गाडी लागली. आजी तिचं डोकं धरून बसली. साखरशेतची सून दुसऱ्या पाहणीचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. माझा जीव टांगणीला लागला होता, म्हणून मी कंडक्टरशी उगीच सुट्ट्या पैशांवरून भांडले.

समितीच्या मुख्य बाई वयाने माझ्याएवढ्या, चष्म्याला दोरी लावलेली. त्यांनी आधी पोरीला जवळ बोलावलं, नाव विचारलं, शाळेत काय आवडतं ते विचारलं. मग दोन्ही पाहण्या शेजारी शेजारी ठेवून सावकाश वाचल्या. घाई केली नाही. बाहेर माणसं ताटकळत होती तरी केली नाही. मी हे अजून विसरले नाही. मग त्यांनी आजीला समोर बसवलं.

“आजी, पहिल्या कागदावर तुम्ही म्हणता घरात काही नाही. दुसऱ्यावर सगळं आहे. ह्यातलं खरं काय?”

सून उत्तर द्यायला पुढे झाली. मी तिचा हात दाबला.

आजी खुर्चीत अगदी कडेला बसली होती. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग पोरीकडे. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. मला वाटलं, संपलं. आता ही ‘काय नाय’ म्हणणार. इतक्या वर्षांची सवय, समोर टेबल, टेबलावर कागद.

मग ती बोलली. हळू, एकेक शब्द ओढून काढल्यासारखं.

“नाचनी हाय. भात हाय, होलीपावत पुरल. कोंबड्या हाय. गोधडी हाय, दोन हाय. समोर पोराचं घर हाय, तो बी जेवायला घालतो.” ती थांबली. पदराने तोंड पुसलं. “मी हाय. मी तिला जवल घेऊन निजते. आदी खोटं बोलली. आता खरं हाय.”

बाई काही म्हणणार, तेवढ्यात आजीने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“बाय, ते घरकुल हाय ना माझं, यादीत. ते कापा. माझं नाव कापा. रासन बी कापा. माना कायच नको. पोरीला नका नेऊ.”

सुनेला हुंदका आला, तिने तो तोंडावर ओढणी धरून दाबला. मी दाबला नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, लागू दिली. मुख्य बाईंनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिल्या. मग त्या खुर्चीवरून उठून टेबलाच्या ह्या बाजूला आल्या.

“आजी, काही कापणार नाही,” त्या म्हणाल्या. “कापायला आम्ही बसलेलोच नाही. पोर तुमच्याजवळच राहील.”

त्यांनी तिथेच सगळं लिहून घेतलं. मुलगी आजीजवळ राहील. तिच्या शिक्षणासाठी बालसंगोपनाची मदत मिळावी. कानाचा उपचार पूर्ण व्हावा. शाळेत तिला पुढे बसवावं. साखरशेतची सून दर महिन्याला भेट देऊन बघेल आणि कळवेल. ह्यातली एक एक ओळ त्या दुसऱ्या पाहणीतून आलेली होती. आजवर शिव्या घातल्या त्या कागदाला मी मनातल्या मनात हात जोडले. आणि त्याच्याआधी आजीला, जिने ज्या शब्दाने आपलं सगळं जातं असं तिला वाटत होतं, तोच ‘हाय’ हा शब्द उच्चारला. इतक्या वर्षांत मी कितीतरी सभांमधून आयांना मुलांची काळजी कशी घ्यावी ते शिकवलं. मला ते कोणी शिकवलं असेल तर ह्या आजीने, आणि मी तिची कायमची ऋणी आहे.

बाहेर आलो. पोरीला भूक लागली होती. स्टँडवर वडापाव घेतले. आजीने आपला अर्धा पोरीला दिला आणि मला बाजूला ओढून हळूच विचारलं, “घर गेलं ना बाय?”

“नाही गं आजी. गेलं नाही. ऐकलंस ना, त्या काय म्हणाल्या ते? नाव आहे तसंच आहे.”

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ही बाई आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतेय. “आजी, शपथ,” मी म्हटलं. “कशालाही हात लावला नाही कोणी.” तिने मान डोलावली, पण तिचा विश्वास बसला नव्हता. तिच्या लेखी घर गेलं होतं, रेशनही गेलं होतं, पुढचा पावसाळा गळक्या छपराखाली काढायचा हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं होतं. आणि तरी तिच्या तोंडावर असं हसू होतं की मला पुढे समजावणं जमेना.

“जाऊ दे गं,” माझ्या दंडावर हात ठेवून ती म्हणाली. “तू नको रडू. पोर मिलली ना.”

मग तिने पोरीच्या तोंडाला लागलेली चटणी पदराने पुसली, तिचा हात धरला आणि मोखाड्याची एसटी कुठे लागते ते विचारायला चौकशीच्या खिडकीकडे गेली.